खडक झटकणारी थोरली

समुद्राला झाडू मारणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. आम्ही पाहिली. रोज पाहिली, चहाचा कप हातात घेऊन, गॅलरीच्या कठड्याला रेलून. फजिती दुसऱ्याच्या घरची आणि चहा आपल्या घरचा, असा योग जुळून आला की सकाळ कशी पोटभर वाटते.

तिला सगळे थोरली म्हणत. दोघी बहिणी एकाच घरात राहायच्या. खालच्या दोन खोल्यांत थोरली, वरच्या दोन खोल्यांत धाकटी आणि धाकटीचा नवरा. मधे एक लाकडी जिना होता. त्याच्यावरून माणसं कमी आणि भांडणं जास्त ये-जा करत. धाकटी गोल, हसरी, कुणी काही म्हटलं की आधी ‘हो’ म्हणून मग विचार करणारी. थोरली उंच, काटकुळी, आणि नाकावर माशी बसू न देणारी. चुकून बसलीच, तर माशीच माफी मागून उठत असावी.

नमुना हवा असेल तर ऐका. लग्न झाल्यावर वर्षभरातच तिचा नवरा बोटीवर नोकरीला गेला आणि परत यायचं विसरला. ना पत्र, ना निरोप. केस पिकल्यावर त्याला घर आठवलं. एका दुपारी बॅग घेऊन दारात उभा. “मी आलोय,” म्हणाला. थोरली दोरी वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “दिसतंय. बस.” तिने चहा केला, बशीत बिस्किटं ठेवली. त्याचा चहा संपल्यावर नळाकडे बोट दाखवून म्हणाली, “कप विसळून पालथा घाल. आणि जाताना दार ओढून घे, मांजर आत येतं.” बिचाऱ्याने कप विसळला, पालथा घातला, दार ओढून घेतलं. गल्ली आठवडाभर हळहळली. थोरलीने उरलेली बिस्किटं मांजराला घातली.

अशा बाईचं पोट खडकावर होतं. जुन्या दीपस्तंभाच्या मागे काळ्या खडकाची एक लांब पाठ समुद्रात शिरलेली आहे. ओहोटी लागली की ती उघडी पडते. त्या पाठीवर एक तपकिरी शेवाळ वाढायचं, कमरेच्या पट्ट्यासारखं रुंद आणि चकचकीत. म्हणून त्याला सगळे पट्टाच म्हणत. तो कापायचा, दोऱ्यांवर वाळवायचा आणि कारखान्याला द्यायचा. कारखाना त्यातून काहीतरी चिकट काढतो आणि ते आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत सगळ्यात घालतो. म्हणजे तुम्ही सकाळी उठल्याबरोबर जे तोंडात घालता, त्यात थोरलीचे गुडघे आहेत, एवढं लक्षात असू द्या.

पट्ट्याला मूळ नसतं. बुडाशी बोटांसारखी पकड असते, तिने तो दगडाला धरून बसतो. कापताना पकडीच्या वर चार बोटं ठेवून कापायचं, ओरबाडायचं नाही, हा थोरलीच्या आईने घालून दिलेला धडा. दोघी बहिणी तो पाळत मोठ्या झाल्या. पुढे धाकटीने खडक सोडला, कारण तिला संस्थेच्या सेक्रेटरीने मागणी घातली. शेवाळ कापणाऱ्यांची एक संस्था आहे, तिचा तो सेक्रेटरी. सरळ माणूस. नियमाबाहेर शिंकणारसुद्धा नाही.

मग बंदर खोल करायचं ठरलं. मोठी जहाजं यायची होती. तळातला गाळ उपसणारं एक बुटकं, गंजकं जहाज दिवसभर घरघरायचं आणि भूशिराच्या पलीकडे जाऊन पोट रिकामं करून यायचं. पलीकडे म्हणजे लांबच की, असं सगळ्यांना वाटलं. समुद्राला मात्र लांब-जवळ कळत नाही. प्रवाहाबरोबर तो गाळ हळूहळू आला आणि खडकाच्या पाठीवर बसला. चिखल नव्हे, चिखल असता तर कुणी बोंब तरी मारली असती. ही नुसती पिठासारखी साय. बोट फिरवलं की रेघ उमटावी, इतकीच. जुना पट्टा होता तो म्हातारा होऊन वादळात उपटून गेला. नवा उगवेचना. एक हंगाम गेला, दुसरा गेला. लोकांनी विळे गुंडाळून ठेवले. कुणी बर्फाच्या कारखान्यात मासे साफ करायला लागलं, कुणी रिक्षा घेतली. थोरलीही मासे साफ करायला जाऊ लागली. पण येताना रोज वाट वाकडी करून खडकाला हात लावून यायची, आजारी माणसाचं कपाळ बघावं तशी.

आणि एक दिवस संस्थेच्या हॉलमध्ये सभा भरली. बंदराचा अधिकारी आला होता. गडी बोलायला गोड, बुटांना चकाकी अशी की त्यात बघून भांग पाडावा. त्याचं म्हणणं असं की, खडक आता मेलाच आहे, तर संस्थेने तसं लिहून द्यावं. मग भूशिराच्या पलीकडे जायचा हेलपाटा वाचेल, गाळ खडकाच्या पायथ्याशीच टाकता येईल. बदल्यात संस्थेच्या प्रत्येक घरातल्या एकाला बंदरात नोकरी.

नोकरी म्हटल्यावर हॉलमधले पंखेसुद्धा जरा जोरात फिरल्यासारखे वाटले. थोरली मागच्या खुर्चीवरून उठली.

“मेला कुणी ठरवलं? नाडी कुणी बघितली?”

“अक्का,” सेक्रेटरी म्हणाला. मेहुणीला तो अक्का म्हणायचा. “दोन हंगाम एक पान नाही. अजून काय बघायचं?”

“मेला नाही तो. तोंडावर उशी दाबलीय त्याच्या. उशी काढा, मग बघा.”

बाचाबाची झाली. शेवटी सेक्रेटरीनेच तोड काढली. थंडी संपता संपता संस्थेने आणि बंदराने मिळून पाहणी करायची. खडक उघडा दिसला तर संस्था पत्र देईल. जिवंत पट्टा दिसला तर पत्र नाही, आणि गाळ खडकाजवळ टाकायचा नाही.

“ठरलं,” थोरली म्हणाली, जणू सभा तिने एकटीनेच बोलावली होती. आणि घरी येऊन तिने मोरी घासायचा राठ ब्रश एका लांब काठीला बांधला.

दुसऱ्या दिवसापासून आमची करमणूक सुरू झाली. ओहोटी लागली की थोरली कपडे गुडघ्यापर्यंत खोचून, रबरी बूट घालून, खांद्यावर ब्रश टाकून निघायची. पोराटोरांना सोडा, चांगली पिकली पानंसुद्धा दारात येऊन उभी राहायची. न्हाव्याने दुकानातून आरोळी ठोकली, “चला, नगरपालिका निघाली!” तेव्हापासून ते नाव तिला चिकटलं.

“निघाले,” थोरली न थांबता म्हणाली. “तुझ्या डोक्यात साचलंय ते पण उचलू का येताना?”

कोपऱ्यावरचा दुकानदार तर रोज नवा विनोद तयार ठेवायचा. “ताई, फिनेल देऊ का? समुद्राला लिंबाचा वास बरा वाटेल.”

“दे की. आधी तुझ्या दुकानाच्या पायरीवर ओत. तिथलं शेवाळ बघ कसं न लावता उगवतंय!”

त्या दिवसापासून पायरीवर पाय ठेवताना आम्ही सगळे जपून ठेवायला लागलो.

खडकावर मात्र ती विनोद करत नसे. वाकून, दात आवळून घासायची. एक हात पुढे, एक हात मागे, वरून बादलीने पाणी. पिठाची साय निघायची, पाणी दुधाळ व्हायचं आणि खालून काळा कुळकुळीत दगड वर यायचा. पुढच्या भरतीला पुन्हा थर. पुढच्या ओहोटीला पुन्हा थोरली. थंडी पडली, बोटं फुटली, पाठ धरली. पण ब्रश सुटला नाही. एखाद्या हॉटेलची फरशी काय चमकेल, असा तिने खडकाचा मधला भाग चमकवला.

त्याच खडकावर आणखी एक बाई यायची. बाई कसली, पोरगीच. विद्यापीठातून शेवाळाचा अभ्यास करायला आलेली. दिवसभर गळ्यात भिंग अडकवून खडकावर पालथी पडलेली असायची, म्हणून भिंगवाली. बेकरीच्या वर तिने खोली घेतली होती. तिने एकदा थोरलीला काही सांगायचा प्रयत्न केला होता. “मावशी, इतकं घासू नका,” असं सुरू केलं, तर थोरली म्हणाली, “पोरी, तू भिंगातून बघ, मी ब्रशने घासते. एकमेकींच्या कामात नाक नको.” भिंगवाली तिथून उठली.

थंडीचा मध्य आला. आणि एका सकाळी थोरली खडकाच्या कडेला दम खायला बसली असताना तिची नजर एका कपारीत गेली. कपार अरुंद होती, ब्रश आत शिरत नसे. वरून दगडाचं छप्पर, म्हणून आत गाळही फार बसला नव्हता. तिथे, अगदी आत, नखाएवढी तपकिरी पानं उभी होती. पाच-सहा असतील. उंदराच्या कानासारखी.

थोरलीचा जीव आनंदाने वर आला. तिने मान वळवून आपल्या चमकत्या खडकाकडे पाहिलं. हात फिरवला. जवळ डोळे नेऊन पाहिलं. काही नव्हतं. जिथे तिने ब्रश लावला नव्हता तिथे पट्टा, आणि जिथे जीव ओतला होता तिथे गुळगुळीत दगड.

ती उठली ती थेट बेकरीच्या जिन्यावर.

भिंगवालीच्या खोलीत पलंगापेक्षा टेबल मोठं होतं. टेबलावर समुद्राच्या पाण्याची काचेची भांडी, त्यात हवा सोडणारा एक छोटा पंप बुडबुडत होता. खालून पावाचा वास येत होता. थोरलीने ओल्या रुमालात आणलेली, त्या कपारीच्या कडेची दगडाची कपची टेबलावर ठेवली. “याच्यावर काय आहे ते दाखव.”

भिंगवालीने कपची सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. “बघा.”

“ही काय, धूळ?”

“पट्ट्याची बाळं.”

थोरलीने पुन्हा डोळा लावला. खसखशीहून बारीक, पारदर्शक, एकेक पाय रोवून उभी असलेली.

“एवढीशी?”

“सुरुवातीला याहूनही लहान असतात, डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यांना धरायला नागवा दगड लागतो. गाळावर बी पडलं तर ते गाळालाच धरतं, आणि लाट आली की गाळासकट जातं. चिकटल्यावर वरून गाळ बसला तर उजेड बंद, श्वास बंद. तो वाळूचा कण दिसतोय बाजूला? तो त्यांच्या अंगावर पडला तर आपल्या अंगावर कपाट पडल्यासारखं.”

“मग म्हणून तर घासतेय मी!”

भिंगवालीने गळ्यातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं. “बी पडायच्या आधी घासलंत ते चांगलं केलंत. पण बी पडल्यावरही घासत राहिलात. मावशी, तुमच्या दगडावर बाळं होती.”

“होती म्हणजे?”

“खरवडली गेली. जोराच्या लाटेत वाळू जे करते तेच ब्रशने केलं.”

पंप बुडबुडत राहिला. थोरलीने डोळा काढला नाही. काढला असता तर तो कुणाकडे तरी वळवावा लागला असता.

“आधी का नाही बोललीस?”

“बोलले होते. तुम्ही म्हणालात, नाक नको.”

थोरली उठली. कपची रुमालात गुंडाळली, मग काय वाटलं कोण जाणे, परत काढून काचेच्या भांड्यात सोडली. “राहू दे तुझ्याकडे. आणि मला एकच सांग, अजून बी पडणार आहे का?”

“थंडी आहे तोवर पडेल. बाहेरच्या टोकावर, जिथे कुणी कापायला जात नाही, तिथे जुना पट्टा आहे अजून. पण गाळ न चोळता कसा काढायचा, ते मलाही माहीत नाही. मी प्रयोगशाळेत तो पाण्याच्या फुंकरीने उडवते. समुद्रात तेवढी मोठी फुंकर कुठून आणायची?”

त्यानंतर थोरली खडकावर गेली नाही. ब्रश मोरीत गेला, तिथे त्याला त्याचं मूळचं काम मिळालं. आम्ही सकाळी गॅलरीत यायचो आणि चहा नुसताच प्यायचो. न्हावी दोनदा दारात येऊन बघून गेला. “नगरपालिकेचा संप आहे वाटतं,” म्हणाला, पण त्याला स्वतःलाच हसू आलं नाही. थोरली पायरीवर कप घेऊन बसायची आणि समोरच्या भिंतीकडे बघायची. चुकले, असं ती कुणाला म्हणाली नाही. ते तिच्या बोलण्यात नव्हतंच कधी. पण कप थंड व्हायचा.

अशाच एका सकाळी वर गॅलरीत धाकटी आली आणि तिने पलंगावरची डबल चादर फटाफट झटकली. धूळ खाली. सगळी थोरलीच्या चहात.

“डोळे फुटलेत का गं तुझे?”

“ताई, चादर झटकतेय, दिसत नाही?”

“माझ्या चहात झटकतेस?”

“चहा कधीचा निवलाय तुझा! पिणार तर नव्हतीसच!”

थोरली तोंड उघडून वर बघत राहिली. पण तिची नजर बहिणीवर नव्हती. चादर वर जात होती, खाली येत होती. कुठेही घासत नव्हती, आणि तरी धूळ उडत होती. कपाला हात न लावता थोरली जिना चढली आणि तिने धाकटीच्या हातातून चादरीचं एक टोक धरलं.

“चल.”

“कुठे?”

“खडकावर. ओहोटी लागलीय.”

“अगं, ही त्यांच्या अंगावरची चादर आहे!”

“मग ते काय तिच्यात आहेत आत्ता? चल.”

“ताई, वेड लागलंय का? पाहणी हे करणार, पत्र हे देणार, आणि त्यांची बायको चादर घेऊन समुद्रात उभी? काय म्हणतील?”

“तुला विचारतील तर सांग, कपडे धुवायला गेले होते. खोटं थोडंच आहे?” मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, “चादरीला दोन माणसं लागतात गं. मला एकटीला चारी टोकं धरता येत नाहीत.”

हे वाक्य थोरलीच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. धाकटीने सवयीप्रमाणे आधी ‘हो’ म्हटलं, आणि विचार करायला वेळ मिळायच्या आत ती खडकाच्या पाठीवर, अजून न ओसरलेल्या गुडघाभर थंड पाण्यात उभी होती.

दोघींनी चादर पाण्यात सोडली. दोन टोकं एकीकडे, दोन टोकं दुसरीकडे. खाली दाबायची, खडकाला न टेकवता, आणि झपकन वर घ्यायची. पहिल्यांदा घेतली तेव्हा खालचं पाणी चादरीबरोबर उसळलं आणि खडकावरची साय ढगासारखी उठली. परतणारी लाट तो ढग घेऊन गेली. खाली काळा दगड. कुणी त्याला हात लावला नव्हता.

धाकटी लहान मुलीसारखी किंचाळली. “निघालं गं, निघालं!”

“ओरडू नकोस, टोक सुटेल!”

भिंगवाली धावत आली आणि पाण्यात उभं राहून बघत राहिली. मग म्हणाली, “हळू, मावशी. इतकं जोरात नको, वाळू उठेल आणि तीच खरवडेल.” थोरलीने तिच्याकडे एक जळजळीत नजर टाकली आणि चादर हळू केली. त्या दिवशी आम्हाला कळलं की ऐकून घेणं तिला जमतं, फक्त ते आवडतं असं दाखवणं जमत नाही.

पुढे भिंगवालीनेच सुचवलं की बाहेरच्या टोकावरची पिकलेली, बी धरलेली पानं आणून जाळीच्या पिशवीत खडकाला बांधू, म्हणजे बी नेमकं तिथेच पडेल. जाळीच्या पिशव्या कुठल्या? कांद्याच्या. कांद्याच्या पिशव्या कुणाकडे? दुकानदाराकडे. थोरली त्याच्या पायरीवर उभी राहिली. पायरी, हे सांगायला हवं, घासलेली होती.

“कांद्याच्या रिकाम्या पिशव्या दे.”

“ताई, आता समुद्राला कांदा खायला घालणार?”

“देतोस का?”

त्याने दिल्या. विनोद त्याच्या ओठावर होता, पण थोरलीचे फुटलेले हात बघून त्याने तो गिळला.

मग सुरू झाली खरी मजा. पिशव्या बांधल्या, बी पडू दिलं, पिशव्या काढल्या. आणि रोज ओहोटीला दोघी बहिणी चादर घेऊन पाण्यात. घरात चादरी नेहमी त्या दोघीच घालायच्या आणि घड्या पण दोघीच करायच्या, म्हणून हातांना एकमेकांची चाल माहीत होती. तोंडांना मात्र नव्हती. “वर घे.” “घेतलीच आहे.” “तू आधी घेतेस.” “तू उशिरा घेतेस.” असं काठापर्यंत ऐकू यायचं. वाऱ्याची दिशा बरोबर असेल तर गॅलरीपर्यंतसुद्धा.

सेक्रेटरीला कळायला वेळ लागला नाही. एका रात्री जेवणानंतर तो अंथरुणावर आडवा झाला आणि म्हणाला, “ही चादर खारट का लागते गं?”

“तुम्ही चादर चाटता कशाला?” धाकटी म्हणाली.

त्याने कूस बदलली. मग अंधारातच म्हणाला, “पाहणी मीच करणार आहे, माहीत आहे ना? तुझी बहीण म्हणून मी काही वेगळं लिहिणार नाही.”

“लिहू नका,” धाकटी म्हणाली. “नसलेलं लिहू नका, म्हणजे झालं.” नवऱ्याने काही ठरवून सांगितलं आणि तिने आधी ‘हो’ म्हटलं नाही, असं लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदाच.

पाहणीचा दिवस उजाडला. अख्खी संस्था खडकाच्या मुळाशी जमली. बंदराचा अधिकारी छोट्या लाँचमधून उतरला, तेच बूट घालून. सेक्रेटरी टोपी घालून आला होता. वाऱ्याला भिऊन, कारण त्याच्या डोक्यावर उरलेले चार केस तो एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मोठ्या कष्टाने लावत असे.

खडकाची लांब पाठ होती तशीच पडलेली, पिठाने माखलेली. फक्त मधे, एका मोठ्या पलंगाएवढ्या जागेत, जिथे चादर फिरली होती तिथे, अंगठ्याएवढी तपकिरी पानं उभी होती. दाट नव्हती. मधेमधे दगड दिसत होता. पण लाट आली की आडवी व्हायची आणि लाट गेली की उठून उभी राहायची.

अधिकारी पुढे आला. थोरलीने हातातली, ब्रश सोडवलेली काठी आडवी धरली.

“बूट काढा.”

“काय?”

“बूट. पोरं आहेत इथे.”

अधिकाऱ्याने सेक्रेटरीकडे पाहिलं. सेक्रेटरीने स्वतःच्या चपला आधीच काढल्या होत्या. मग काय, साहेबांनी बूट काढले, मोजे काढले, विजार दुमडली. गोरीपान, लिबलिबीत पावलं बाहेर आली आणि दगडाला लागताच “हाय हाय” करू लागली. मागे कुणीतरी खुसखुसलं.

“हे?” अधिकारी पानांकडे बघत म्हणाला. “बाई, एवढ्या मोठ्या खडकावर हे एवढंसं? याला पट्टा म्हणायचा? उद्या एक लाट आली की साफ. सेक्रेटरीसाहेब, तुम्हीच सांगा, हा खडक उघडा नाही तर काय आहे? लिहा, उघडा.”

सगळे सेक्रेटरीकडे बघू लागले. त्याच्या कपाळावर घाम आला. नोकरीची आशा धरलेली घरं एका बाजूला उभी होती, बायको ओल्या चादरीची वळकटी छातीशी धरून दुसऱ्या बाजूला. तो टोपी सावरत उभा राहिला.

थोरली पुढे झाली आणि तिने त्याच्या डोक्यावरची टोपी अलगद उचलली. वाऱ्याने बाकीचं काम केलं. ते चार केस डाव्या कानावर उभे राहिले आणि झेंड्यासारखे फडफडू लागले.

“सेक्रेटरी,” थोरली म्हणाली, “हे खडकावर आहे ते तुमच्या डोक्यावर आहे त्याहून जास्त आहे. हे साहेब म्हणाले, टकला लिहा, तर द्याल का सही करून? रोज सकाळी आरशासमोर कोण उभं असतं मग?”

हशा असा उठला की लाँचचा चालकही उभा राहून बघायला लागला. न्हावी तर खाली बसला. धाकटीने तोंडावर चादर दाबली. सेक्रेटरी लालबुंद झाला, टोपी हिसकावून घेतली, डोक्यावर घट्ट बसवली. आणि मग खाली वाकला. सगळ्यांना वाटलं, रागाने काहीतरी उपटणार. त्याने एका पानाखाली बोट घातलं आणि हळूच ओढून पाहिलं. पान ताणलं गेलं. दगड सोडला नाही. त्याने दुसरं ओढून पाहिलं, मग तिसरं. त्याच्या सासूने घालून दिलेला धडा त्यालाही ऐकून माहीत होता. पकड राहिली तर पट्टा राहतो, म्हणून पकड बघायची, पान नाही.

तो उठला. “धरलंय,” म्हणाला. “किती आहे ते ठरलं नव्हतं, साहेब. आहे की नाही, एवढंच ठरलं होतं. आहे. पत्र देता येणार नाही.”

अधिकाऱ्याने बूट हातात घेतले. “गाळ काही थांबणार नाही, एवढं लक्षात ठेवा. जहाज भूशिरापलीकडे टाकतच राहणार. तो इथे येतच राहणार.”

“येऊ दे,” थोरली म्हणाली.

“आयुष्यभर चादर झटकणार का तुम्ही?”

“घरात तरी आयुष्यभर दुसरं काय करतो आम्ही?”

सगळी गल्ली टाळ्या वाजवत घरी गेली, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. बर्फाच्या कारखान्यात थोरलीच्या शेजारी मासे साफ करणारी बाई काठावर उभी होती. तिच्या मुलाने बंदरातल्या नोकरीसाठी नवीन शर्ट शिवून ठेवला होता. ती थोरलीसमोर येऊन म्हणाली, “तुझ्या चार पानांपायी माझ्या पोराच्या ताटातलं काढलंस. कापायला येतील तेव्हा येतील ती. तोवर काय खायचं त्याने, दगड?”

थोरलीच्या चेहऱ्यावरचा रंग जरा उतरला. पण नजर उतरली नाही. “गाळ पायथ्याला पडला असता तर त्याच्या पोरालाही दगडच मिळाला असता,” ती म्हणाली. “तुला मला शिव्या द्यायच्या तर दे. उद्या कामावर पण दे. पण त्याला पाठव. पलंगाएवढा खडक आम्ही दोघींनी सांभाळला. बाकीचा पडलाय. चादरी मी देते.”

“नाही पाठवणार,” बाई म्हणाली आणि निघून गेली. आजही ती थोरलीशी बोलत नाही. दोघी एकाच टेबलावर मासे साफ करतात, आणि मधे सुऱ्यांचा आवाज असतो.

लोक पांगले. भरती सुरू व्हायला अजून थोडा अवकाश होता. अधिकाऱ्याच्या लाँचने जाताना तळ ढवळला होता, आणि पाण्यातून पांढरट पीठ हळूहळू पुन्हा त्या कोवळ्या पानांवर बसायला लागलं होतं. थोरलीने ते पाहिलं. धाकटीच्या हातातली वळकटी घेतली, सोडली, एक टोक तिच्याकडे फेकलं.

“ताई, आज तरी! सगळे गेले. माझे पाय बधिर झालेत.”

“या पोरांचे नाही झालेत. धर.”

दोघी पाण्यात उतरल्या. काठावर सेक्रेटरी चपला हातात घेऊन उभा होता, घरी जावं की न जावं अशा घोळात. थोरलीने वळूनही पाहिलं नाही.

“ते टोक लोंबतंय तिकडचं,” ती पाण्याकडे बघत ओरडली. “कुणी रिकामं असेल तर धरा.”